क्लास दोन दिवस, कराटे सहा दिवस

आठवड्यातून दोनदा क्लासला जाऊन कराटे येत नाही. हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं, कारण जून उजाडला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "आठवड्याला किती तास पुरतील?" क्लासच्या फलकावर उत्तर आधीच रंगवलेलं असतं. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते सात. दोन तास, महिन्याची फी, ठरावीक महिन्यांनी बेल्टची परीक्षा. पालक निर्धास्त होतात, क्लासही भरतो. दोन वर्षांनी पोरगं हिरवा बेल्ट बांधून उभं असतं आणि त्याला एक ठोसा धड सरळ मारता येत नाही.

दोष पोराचा नाही. बहुतेक वेळा सरांचाही नाही. त्या दोन तासांकडून आपण भलतीच अपेक्षा करतो, तिथे घोडं पेंड खातं.

तो एक तास जरा जवळून बघा. महापालिकेच्या शाळेचा हॉल, नाहीतर सोसायटीचं पार्किंग. समजा पस्तीस मुलं आहेत. पहिली पाच मिनिटं रांगा लावण्यात, सुटलेले बेल्ट बांधण्यात आणि धापा टाकत आलेल्यांना आत घेण्यात जातात. मग पंधरा मिनिटं वॉर्मअप. तो टाळून चालतच नाही, थंड अंगानं किक मारायला लावली की मांडीचा स्नायू धरलाच. शेवटची पाच मिनिटं अंग सैल करणं, पुन्हा रांग, नमस्कार. उरली पस्तीस मिनिटं. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला सरांचं एक मिनिट. तेवढ्यात सर कोपर आत ढकलतात, मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवून घेतात, "कंबर वळव" म्हणतात आणि पुढच्या मुलाकडे सरकतात.

ते मिनिट मोलाचं आहे. पुढे त्याचं काय होतं, यावर सगळं ठरतं. मंगळवारी मिळालेली सूचना गुरुवारपर्यंत एकदाही हाताखालून गेली नाही, तर गुरुवारी सर तीच सूचना देतात. पुढच्या मंगळवारी पुन्हा तीच. वर्ष सरतं, बेल्टचा रंग बदलतो आणि कोपर होतं तिथेच बाहेर असतं.

म्हणून माझं म्हणणं असं: क्लासचा तास चुका दाखवून घेण्यासाठी. त्या घालवायच्या घरी, रोज, पंधरा-वीस मिनिटांत. तासांची बेरीज सोडा, दिवस मोजा. सहा दिवस हात-पाय हलले पाहिजेत आणि सातवा दिवस विश्रांतीचा.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली टूम नव्हे. ओकिनावा बेटावर कराटे ज्यांनी शाळांमध्ये नेलं त्या आंको इतोसूंनी 1908 साली एक पत्र लिहिलं होतं. कराटे शाळेत का शिकवावं हे पटवून देणारं, दहा मुद्द्यांचं. त्यातल्या एका मुद्द्यात वेळेचा हिशेब आहे: रोज एक-दोन तास मन लावून सराव केला, तर तीन-चार वर्षांत अंगकाठीच पालटते. दुसऱ्या एका मुद्द्यात माकिवारा येतो. माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली, वरच्या टोकाला पेंढ्याची दोरी गुंडाळलेली फळी. तिच्यावर शंभर-दोनशे ठोसे मारावेत असं ते सांगतात. त्यांचं माप दिवसांचं आणि वर्षांचं. आठवड्याला अमुक इतके तास, ही भाषाच तिथे नाही. आणि बेल्टचीही नाही. इतोसू 1915 साली वारले. कराटेतले पहिले काळे बेल्ट त्यांच्याच शिष्यानं, गिचिन फुनाकोशींनी, 1924 साली दिले. ज्यांच्यामुळे आज जगभरची शाळकरी मुलं कराटे शिकतात, त्या इतोसूंनी जन्मात काळा बेल्ट बांधला नव्हता.

फुनाकोशी पेशानं शाळामास्तर. दिवसा शाळा, रात्री पायी आसातो या दुसऱ्या गुरूंच्या घरी. तिथे अंगणात सराव चालायचा. गुरू आसातो व्हरांड्यात ताठ बसून बघायचे, शेजारी मिणमिणता दिवा. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, एकच, महिनोन्‌महिने तोच. गुरूंच्या तोंडून समाधानाचा शब्द निघेपर्यंत पुढचा काता नाही. तेक्की नावाच्या तीन कातांवर फुनाकोशींनी दहा वर्षं घालवली. नोकरी आणि संसार सांभाळणारा हा माणूस होता. ज्या गावात तालीम आहे तिथल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मेहनत रोजची असते, हे कोल्हापूरच्या तालमीत माती उकरणारा दहा वर्षांचा पोरही जाणतो. मग कराटेच्या बाबतीतच आपण ती मंगळवार-गुरुवारी का वाटून टाकली?

आता इतोसूंचे एक-दोन तास आजच्या आठवीतल्या मुलीकडून मागणं अन्यायाचं होईल. तिची शाळा, शिकवणी, स्कूल बसमधला तासभर हे मला दिसतं. मी पंधरा मिनिटं मागतोय. पंधरा मिनिटांनी काय होणार, असं विचारणाऱ्यांसाठी ब्रिटनमधला एक जुना प्रयोग सांगतो. 1978 साली प्रसिद्ध झालेला, टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांवर केलेला. त्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. एका गटाला रोज एकच तास, दुसऱ्यांना दोन तास, सर्वांत जादा गटाला रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं. रोज एकच तास बसणारे सर्वांत कमी तासांत शिकले. गंमत म्हणजे सर्वांत नाराजही तेच होते, कारण प्रशिक्षण दिवसांच्या हिशेबात लांबत गेलं. हातांची शिकवण थोडी-थोडी आणि रोज दिली की मुरते, मधल्या झोपेत पक्की होते. पण शिकणाऱ्याला तसं वाटत नाही. त्याला वाटतं, एकदम भरपूर करून मोकळं व्हावं.

हीच भावना पकडून उन्हाळी शिबिरं चालतात. एकवीस दिवस, रोज दोन तास. बेचाळीस तास झाले. तेच बेचाळीस तास रोज दहा मिनिटांनी वाटले, तर आठ महिने पुरतात. शिबिराला माझा विरोध नाही, मुलांना मजा येते, मैत्री होते. पण मेमध्ये दोन-दोन तास घाम गाळून जून ते सप्टेंबर शून्य सराव झाला, तर दसऱ्याला त्यातलं काही शिल्लक नसतं.

घरी नेमकं करायचं काय? इथे बहुतेकांची गाडी अडते. मुलाला "जा, प्रॅक्टिस कर" म्हणतात, तो बेडरूममध्ये दहा किक हवेत उडवतो, दिव्याला धक्का लागतो आणि सराव बंद पडतो. एक उदाहरण घेऊ. शोतोकान शैलीत पहिला मोठा काता हेइआन शोदान. हेइआन कातांची मालिका मुळात इतोसूंनी शाळकरी मुलांसाठी बसवलेली. शोदानमध्ये एकवीस हालचाली, एक मिनिटाच्या आत सगळा काता संपतो. मुलं कुठे चुकतात? बहुधा नवव्या हालचालीनंतर. तीन पावलं पुढे येत तीन वेळा वरचा ब्लॉक, तिसऱ्याला कियाई, म्हणजे पोटातून ओरडणं. तिथून उजव्या पायावर अंग तोलायचं, डावा पाय पाठीमागून फिरवायचा, 270 अंशांत वळायचं आणि डाव्या हातानं खालचा ब्लॉक घेत उभं राहायचं. या वळणात तीन चुका होतात. वळताना मूल गुडघे सरळ करून उंच होतं. डावा पाय उजव्याच्याच रेषेत पडतो, दोन पायांत आडवं अंतर राहत नाही, मग अंग डुलतं. आणि पाय टेकून झाल्यावर हात येतो; दोघांनी बरोबर पोचायला हवं असतं.

क्लासमध्ये हे वळण एका तासात फार तर सहा वेळा होतं, तेही पुढच्या रांगेकडे बघत, मोजणीच्या तालावर. घरी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला की जागा पुरते, कारण पूर्ण काता करायचाच नाही. फक्त ते वळण. दहा वेळा अगदी सावकाश, डोकं एकाच उंचीवर ठेवून. मग पाच वेळा वेगानं. टाइल्सवर अनवाणी, मोजे घालून मुळीच नाही. सहा मिनिटं लागतात. मग एका जागी उभं राहून वीस-वीस सरळ ठोसे, मागे ओढला जाणारा हात बरगडीला घासून येतोय ना ते बघत. शेवटी एकदा पूर्ण काता, जागा असेल तर गच्चीवर, नसेल तर जागच्या जागी. झाली पंधरा मिनिटं. आठवडाभर हेच. पुढच्या आठवड्यात सर दुसरी चूक दाखवतील, मग ती. वर्षाला पन्नास आठवडे धरा आणि त्या मुलाची पुढच्या वर्षीची अवस्था डोळ्यांसमोर आणा.

लहान मुलांनी घरी फाइट करायची नाही, भावंडांवर किक अजमावायची नाही आणि मुठी आवळून फरशीवर जोर काढायचे नाहीत. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ भाग असतो, हाड तिथूनच वाढतं. त्यावर रोजचा मार नको. इतोसूंचा माकिवारा दहा वर्षांच्या मुलासाठी घरात ठोकू नका.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. तालुक्याची, जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली की आठ-नऊ वर्षांच्या पोरांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास राबवलं जातं. रविवारीसुद्धा. वजनगट सांभाळायला जेवण तोडलं जातं. हे थांबायला हवं. अमेरिकेतले बालरोग आणि क्रीडावैद्यक तज्ज्ञ एक साधं माप सांगतात: मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला शिस्तबद्ध खेळाला देऊ नयेत, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी असावी. नऊ वर्षांच्या मुलीला नऊ तास, आणि त्यात पोहणं, स्केटिंग, कराटे सगळं आलं. दुखापत झाल्यावर डॉक्टरकडे धावण्यापेक्षा ही बेरीज आधी करा. सोळा वर्षांचा राज्यस्तरावर खेळणारा मुलगा आठवड्याला पाच-सहा दिवस, आठ-दहा तास करत असेल तर चालेल, मार्गदर्शक जाणता असेल आणि झोप पुरी होत असेल तर.

दहावी-बारावीच्या खेळाडूंना क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. त्या गुणांसाठी नववीत अचानक कराटे लावून रोज तीन तास घासणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन: खेळायचं असेल तर पाचवी-सहावीत, थोडं-थोडं, सुरुवात करा.

पालकांची आणखी एक सवय म्हणजे फेब्रुवारी आला की कराटे बंद. परीक्षा आहे. क्लास बंद करा, हरकत नाही. येण्या-जाण्याचा वेळ वाचेल. पण घरची दहा मिनिटं का तोडता? दोन तास खुर्चीत बसलेल्या मुलाला उठून वीस ठोसे आणि ते एक वळण करायला लावा, मग पुन्हा अभ्यासाला बसवा. मार्चनंतर पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.

आणि कराटे लावलं म्हणून मैदान बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयोगटातल्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी. आठवड्याला सात तास. क्लासचे दोन आणि घरचा दीड धरला तरी निम्मंच भरतं. उरलेलं धावणं, लपंडाव, सायकल, कबड्डी यांनीच भरायचं आहे.

मुलींच्या स्वसंरक्षणाबद्दल गप्प बसून चालणार नाही. समग्र शिक्षा अभियानात शाळकरी मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं. योजना चांगली आहे, ती प्रत्येक शाळेत नीट राबवली जावी. पण चौथ्या महिन्यात काय? प्रशिक्षक निघून जातो आणि शिकलेलं सगळं दिवाळीच्या सुट्टीत पुसलं जातं. पकड सोडवण्याची हालचाल विचार करून होत नाही, ती आपोआप व्हावी लागते, आणि आपोआप होण्यासाठी ती शेकडो वेळा जोडीनं करावी लागते. शाळांनी आठवड्यातून तीन दिवस परिपाठानंतर दहा मिनिटं द्यावीत. मुली जोड्या लावून मनगट सोडवतील, ओरडतील, मागे सरतील, पळतील. मोठ्या वर्गातल्या मुली धाकट्यांना शिकवतील. याला प्रशिक्षकाचं मानधन लागत नाही, एका बाईंनी लक्ष घातलं तरी पुरतं.

"सात दिवसांत स्वसंरक्षण" असे फलक मात्र उतरवायला हवेत. सात दिवसांत मोठ्यानं ओरडणं, धोका ओळखणं, गर्दीकडे पळणं आणि घरी सांगणं शिकवता येतं, आणि ते शिकवावंच. सात दिवसांत धट्ट्याकट्ट्या माणसाला आडवं करता येईल, असं मुलीला सांगणं हा तिच्या जिवाशी खेळ आहे.

चाळिशीत कराटे सुरू करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. पुण्या-ठाण्याच्या क्लासांत मुलांना सोडायला आलेले आई-बाबा हळूच मागच्या रांगेत उभे राहू लागले आहेत. टोकियो ऑलिंपिक 2021 साली झालं, तिथे महिलांच्या कातामध्ये सुवर्ण मिळवणारी स्पेनची सँड्रा सांचेझ 39 वर्षांची होती. त्यामुळे वयाची सबब पुढे करू नका. तुम्हाला आठवड्याला दोन तास क्लास आणि तीन दिवस घरी पंधरा-पंधरा मिनिटं, एवढं पुरे. एकूण 165 मिनिटं. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची अटही त्यात बसते. घरच्या तीनपैकी दोन दिवस उठाबशा आणि जोर घाला, कारण खोल पवित्र्यात गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायू. मुलांच्या सहा दिवसांची बरोबरी करायला जाऊ नका. तुमचं अंग सावरायला त्यांच्याहून जास्त वेळ घेतं, म्हणून दोन क्लासांच्या मध्ये एक दिवस मोकळा सोडा.

राहिला काळा बेल्ट. तो मिळायला किती वर्षं, हे पहिल्याच दिवशी विचारणाऱ्या पालकाला सरांनी उत्तर देऊ नये. आठवड्याला दोन तास येणाऱ्या आणि घरी काहीच न करणाऱ्या मुलाला तीन वर्षांत काळा बेल्ट देणारा क्लास कराटे शिकवत नाही, कापड विकतो.

कराटे शिकवणाऱ्या सर-मॅडमना माझी विनंती आहे. तुमच्यावर पस्तीस मुलांचा भार आहे, हॉलचं भाडं आहे, हे मान्य. तरी तासाभरात प्रत्येक मुलाला एकच चूक सांगा, त्याच्या वहीत लिहून द्या आणि पुढच्या तासाला तीच पहिली बघा. परीक्षेच्या दिवशीही ती वही मागा. ज्याच्या वहीतली एकही चूक सुटून खोडली गेलेली नाही, त्याला पुढचा बेल्ट देऊ नका. पालक तक्रार करतील. त्यांना वही दाखवा.

पालकांनो, या आठवड्यात मुलाला सोडायला जाल तेव्हा गेटवरून परत फिरू नका. आत जा आणि सरांना विचारा: "यानं पुढच्या तासापर्यंत घरी काय करायचं?" नेमकं उत्तर मिळालं तर टीपॉय सरकवा. "काही नाही, क्लासला नियमित पाठवा" असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास शोधा.